दत्तूभाऊंचा बदामाचा एक्का

दत्तूभाऊ पत्ते खेळायला बसले की स्वतःच्या पानांकडे बघतच नसत. पानं मांडीवर पालथी ठेवायची आणि आमच्या तोंडाकडे बघत बसायचं.

कोपरीच्या चाळीत आमच्या शेजारची खोली त्यांची. बायको वारलेली, कारखान्यातून रिटायर झालेले. टीव्ही नुकते आले होते, पण दुपारी त्यावर काही नसायचं. म्हणून जेवणं झाली की गॅलरीत मेंढीकोट. ज्याच्याकडे दश्श्या जास्त, त्याचा डाव. एका बाजूला मी आणि माझी जाऊ, दुसऱ्या बाजूला आमचे हे आणि दत्तूभाऊ.

पानं वाटून होतात न होतात तोच दत्तूभाऊ सुरू. "धाकट्या वहिनी, किलवरची दश्शी आली ना? मंगळसूत्र सोडा आता."

जाऊ चिडायची. "तुम्ही वाकून बघता!"

"पानं नका बघू, माणूस बघा. मोठं पान आलं की तुमचा हात गळ्याशी जातो. आणि मोठ्या वहिनी हुकूम कडेला लावतात, मग दर वेळी तिकडेच बघतात."

खरं होतं. म्हणून तर राग यायचा. एकदा तर आम्हा तिघांचीही पानं त्यांनी डाव सुरू व्हायच्या आधीच सांगून टाकली. मग खेळायचं काय, कपाळ? मी स्पष्ट सांगितलं, "दत्तूभाऊ, असं करायचं असेल तर उद्यापासून येऊ नका."

दुसऱ्या दिवशी आले ते तोंड बंद ठेवून. पण जिंकत होतेच. जाऊ म्हणाली, "यापेक्षा मी मटार सोलत बसते." ते त्यांनी ऐकलं.

त्यानंतर दत्तूभाऊ हरायला लागले. रोज. आमचे हे वैतागले. "काय खेळताय? डुलक्या काढता काय?"

"वय झालं हो," दत्तूभाऊ हसून म्हणायचे. जाऊ खूश. मटार राहिले बाजूला.

एका डावात ह्यांनी बदामाची उतारी केली. माझ्याकडे बदामाचं एकच पान, तेही दश्शी. टाकावीच लागली. माझ्यानंतर दत्तूभाऊ. त्यांनी छक्की टाकली. दश्शी आमची झाली. आणि शेवटच्या हाताला त्यांच्याकडून पडला बदामाचा एक्का, माझी दश्शी सहज घेऊ शकला असता तो.

ह्यांनी कपाळावर हात मारला. जाऊ हसत सुटली. मी दत्तूभाऊंकडे बघितलं. ते खाली बघून पानं गोळा करत होते. मागे त्यांच्या दाराला कुलूप होतं. आमच्याकडे यायचं तर दोन पावलं, पण ते कुलूप लावून यायचे, लांब जायचं असल्यासारखं.

मी पानं त्यांच्या हातातून घेतली, पिसली, वाटली.

"दत्तूभाऊ," मी म्हटलं, "रोज यायचं. आणि बोलत खेळायचं. एक्का लपवायला तुम्हाला जमत नाही."

जाऊ म्हणाली, "अहो जाऊबाई, पुन्हा कशाला!"

दत्तूभाऊंनी आपली पानं मांडीवर पालथी ठेवली.

"धाकट्या वहिनी," ते म्हणाले, "मंगळसूत्र."