लाडूतुला आणि टिटवीबाईचं कृष्णद्रव्य

एका जंगलात, बाळांनो, सगळे मान खाली घालून चरायचे. वर बघायची एकटी टिटवीबाई. आभाळ पडू नये म्हणून ती पाय वर करून निजायची, मग दुसरं दिसणार काय? बघता बघता तिचा ताऱ्यांचा दांडगा अभ्यास झाला. त्या अभ्यासाला कुणी विचारत नव्हतं, हे मात्र तिला फार लागायचं.

एक दिवस सिंहमहाराजांची लाडूतुला ठरली. राजाच्या वजनाइतके लाडू प्रजेला वाटायचे, अशी रीत होती. जंगलाने पोटाला चिमटा काढून दोनशे बेसनलाडू वळले. "आज पोटभर लाडू," असं पिल्लांना सांगून टिटवीबाई पुढेच येऊन बसली.

पण महाराजांचे दात पडलेले, शिकार बंद, अंगाची नुसती काडी. दहाच लाडू चढवले आणि महाराज अधांतरी!

"माझं बाकीचं वजन कुठाय?" महाराज गरजले. तराजू धरणाऱ्या वानराने काटा पुन्हा तपासला.

इथे टिटवीबाईने गप्प बसायचं. पण आम्हा शहाण्यांना प्रश्न ऐकून गप्प बसता येतं होय?

"महाराज, विश्वाचंही असंच आहे. दिसतं ते पाच टक्के. बाकी कृष्णद्रव्य आणि कृष्णऊर्जा. एक तारे धरून ठेवतं, दुसरी आकाश ताणत नेते."

"कशाची बनलीत ती?" वानराने विचारलं.

"कुणालाच ठाऊक नाही."

"मग आहेत कशावरून?"

"त्यांच्याशिवाय हिशेब जुळत नाही."

"अगदी माझ्यासारखं!" महाराज खूश झाले. "माझं पंच्याण्णव टक्के वजन अदृश्य आहे. त्याचे लाडूही अदृश्यच असणार. ते प्रजेला वाटा, सढळ हाताने. हे दिसणारे किरकोळ दोनशे गुहेत पोचवा. धन्य आहेस, पंडिते!"

ताऱ्यांचं गणित लाडवांना लागू नाही, हे टिटवीबाईच्या चोचीपर्यंत आलं होतं. पण सगळ्यांदेखत 'पंडिता' म्हटल्यावर ते तिथेच विरघळलं.

वानर रिकामी परात घेऊन रांगेतून फिरलं. सगळ्यांनी रिकामी तोंडं हलवली. ढेकर न देणारा राजद्रोही ठरणार होता. सगळ्यात मोठा ढेकर टिटवीबाईने दिला. सिद्धांत तिचाच होता ना!

घरी पिल्लांनी तिचे पंख उचलून पाहिले.

"आई, लाडू?"

"आणलेत रे. दिसत नाहीत, एवढंच."

पिल्लं रडून रडून निजली. टिटवीबाई पाय वर करून पडून राहिली. तिला स्वतःची लाज वाटत होती. आभाळ आज फारच जड लागत होतं.

तात्पर्य: सत्य जरूर सांगावं, पण लाडू वाटून झाल्यावर.