राठोडभाऊंचं कुलूप

सकाळी ऑफिसात आल्याबरोबर माझी खुर्ची जागेवर नसते. मी बोंब मारते. मागच्या खोलीतून राठोडभाऊ ती उचलून आणतात आणि मोठ्या समाधानानं म्हणतात, "बराबर! लागती म्हणायची."

राठोडभाऊ म्हणजे हिंगोलीतल्या आमच्या दालमिलचे कॉम्प्युटरवाले. मी तिथं बिलं करते. सर्व्हर त्यांच्या ताब्यात. नव्या सर्व्हरमध्ये काही लॉगिनची खाती आधीपासूनच असतात, न बोलावलेल्या पाहुण्यांसारखी. कुणीही चोर त्यातून आत शिरू शकतो, म्हणून भाऊ हात धुऊन त्यांच्या मागे.

"ताई, ह्यो 'गेम्स' कोण हाय? तुरीच्या मिलमधी खेळायला कोण येऊन राहिलं?"

पण भाऊ खातं एकदम पुसत नाहीत. आधी कुलूप घालायचं, म्हणजे खातं नुसतं बंद ठेवायचं, आणि वाट बघायची. कुणी बोंबललंच नाही तर पुसायचं. 'गेम्स' गेलं, 'न्यूज' गेलं, कुणाला पत्ताही लागला नाही. एकदा मात्र वजनकाट्याच्या सॉफ्टवेअरसोबत आलेल्या खात्याला कुलूप लागलं आणि काट्याची पावतीच निघेना. सेनगावहून तूर घेऊन आलेल्या जीपवाल्यानं अशी बोंब ठोकली, की मालक जेवणावरून खरकट्या हातानं पळत आले.

भाऊंना त्याचं काहीच नाही. कुलूप काढत म्हणाले, "एकानं जरी बोंब मारली तरी खातं ठिवायचं. एक बस हाय."

मग ही खोड सर्व्हरबाहेर आली. भिंतीवरचं घड्याळ गेलं, मालकांची उशी गेली. दुपारच्या चहालाही भाऊंनी कुलूप घालून पाहिलं, पण ते पाच मिनिटंही टिकलं नाही.

गेल्या महिन्यात एक दिवस भाऊच आले नाहीत. फोन बंद. मालकांना विचारलं तर म्हणाले, "सर्व्हर चालू हाय ना? मंग काहून काळजी करता?" सर्व्हर झकास चालू होता, तीच तर पंचाईत. दुसऱ्या दिवशीही तेच. माझी खुर्ची जागच्या जागी. मला करमेना.

संध्याकाळी स्कूटी काढली आणि औंढ्याच्या रस्त्यावरचा त्यांचा तांडा गाठला. लेक लग्न होऊन गेल्यापासून भाऊ घरात एकटेच असतात. ओट्यावर बसले होते, चांगले ठणठणीत. पुढ्यात बंद फोन.

"तब्येत बरी न्हाई का?"

"बरी हाय."

"मंग?"

"बघून राहिलो, ताई."

या माणसानं स्वतःलाच कुलूप घातलं होतं! मला राग असा आला की मी जीव खाऊन ओरडले, "डोकं फिरलं का तुमचं? फोन काहून बंद? जीव टांगणीला लावता व्हय माणसाचा?"

शेजारच्या शेळ्या बिथरल्या. बायका दारात आल्या. भाऊ मात्र सगळं ऐकून घेत होते, अगदी लक्ष देऊन. मग हळूच म्हणाले, "अजून कोनी?"

सगळी मिल, असं ठोकून द्यावंसं वाटलं. जमलं नाही.

"मी एकलीच."

त्यांनी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले आणि फोन चालू केला.

"एक बस हाय," म्हणाले.