न खाल्लेले पोहे

मुलगी पाहायला गेलेल्या घरी मुलाच्या बापानं बशीला हात लावला नाही, तर सोयरिक मोडली असं समजायचं. म्हणून सुखरामजींनी पोह्यांची बशी बाजूला सारली, तेव्हा मुलीचे बाप, सडक अर्जुनीचे केवलरामजी, घाईनं पुढं सरकले.

खरं म्हणजे सुखरामजींना मुलगी फार आवडली होती. पण आगपेटीच्या काडीनं कान कोरण्याची त्यांची हौस या वेळी अंगाशी आली होती. कानापुढं सूज होती आणि सकाळपासून जबडा मिटला तो मिटलाच. हे सांगायलाही तोंड उघडावं लागतं, हीच पंचाईत. मुलगा वीरेंद्र बापाचं मौन म्हणजे राग समजून गप्प बसला होता. तसाही तो बापासमोर चकार शब्द काढत नसे.

"काऊन जी, काही चुकलं का आमचं?" केवलरामजींनी विचारलं.

"अंऽऽ," सुखरामजी म्हणाले.

"गोड पायजे असन!"

शिरा आला. करंज्या आल्या. शेजारून रसगुल्ले मागवले. सुखरामजींनी सगळ्यांना हात जोडले, आणि मुलीच्या आईनं पदर डोळ्यांना लावला.

मुलगी, आचल, गोंदियाला एका दवाखान्यात नर्स होती. ती सरळ पाहुण्यांसमोर येऊन बसली. "काकाजी, ताप हाय का?" मान होकारार्थी हलली. "तोंड उघडा." करंगळीही आत जाईना. "आई, रडणं थांबव. जबड्याच्या सांध्यात पू झाला असन. बाबा, गाडी काढा!"

आचलच्याच दवाखान्यात डॉक्टरांनी सुईनं पू काढला, सांधा धुतला आणि सलाईनमधून जंतूंवरचं औषध सुरू केलं. "टाइम पे ले आए," ते म्हणाले. "नाहीतर सांधा कायमचा जाम झाला असता."

ताप उतरला. आठव्या दिवशी दातांमध्ये दोन बोटं मावली, आणि सुखरामजींचं पहिलं वाक्य बाहेर पडलं, "पोरगी आमाले पसंत हाय!"

केवलरामजींना आनंदानं रडूच आलं. पण आचल म्हणाली, "थांबा जी. आठ दिवस मी बापाचंच तोंड पाहून राहिली. पोराचं कोणी उघडलंच नाही." ती वीरेंद्रकडे वळली. "तुमचा जबडा तर चांगला हाय ना? मंग बोला."

 वीरेंद्रनं सवयीनं बापाकडे पाहिलं. सुखरामजी उत्तर द्यायला सरसावले, तोच आचलनं जबडा उघडण्याच्या व्यायामाच्या लाकडी काड्यांचा जुडगा त्यांच्या दातांत ठेवला. "दहा मिनिटं असंच धरा."

"तुमी... तुमी मले पयल्याच दिवशी आवडल्या जी," वीरेंद्र म्हणाला. मग नोकरी सोडू नका म्हणाला, मला स्वयंपाक येतो म्हणाला, आणि पंचवीस वर्षांचं साठलेलं बोलतच सुटला.

"पुरे जी," आचल हसू दाबत म्हणाली. "मामाजींच्या इंजेक्शनची वेळ झाली."

सासऱ्याला म्हणतात ते 'मामाजी' तिच्या तोंडून ऐकलं आणि केवलरामजी चपला न घालताच पेढे आणायला धावले.