उंबऱ्यात अडकलेला पाचशेवा

कारकुनाने वरच्या गावाची माणसं तिसऱ्यांदा मोजली आणि आकडा तिसऱ्यांदा तोच आला: चारशे नव्याण्णव. पाचशे भरले नाहीत तर वरच्या गावाचं दप्तर खालच्या गावात जाणार होतं. आणि खालच्या गावचा कारकून कोण? याचाच धाकटा मेहुणा! ज्याला नाक पुसायला शिकवलं, त्याच्या हाताखाली खर्डेघाशी करायची म्हणजे मरणच. वर बायको माहेरचे गोडवे गाणार ते वेगळंच.

उपाय एकच होता. दोन गावांची हद्द सुताराच्या घरातून, बरोबर मधल्या उंबऱ्यावरून जात होती. सुतारीण वरच्या गावात रांधायची आणि तिथंच निजायची. सुतार घोरतो म्हणून त्याची खाट तिने उंबऱ्यापलीकडे, खालच्या गावात टाकलेली. आणि नियम असा, की मोजणीच्या दिवशी माणूस जिथं झोपलेला सापडेल, तिथला.

कारकून धावतच गेला. सुतार दुपारचा आडवा झाला होता.

"वहिनी, यांची खाट आजच्या दिवस अलीकडे घेऊ द्या. गावाच्या अब्रूचा प्रश्न आहे."

"आठ वर्षं मी सुखाने झोपतेय, ते गावाला बघवेना का?"

"एकच दुपार हो!"

"ओढा मग. पण उठवू नका. जागे झाले की जेवायला मागतात."

खाट निम्मी अलीकडे आली आणि मागून कुणीतरी पायथा धरला. मेहुणा! त्याच्या वहीत सुतारासकट बरोबर पाचशे होते.

"दाजी, भरदिवसा माझा माणूस पळवताय?"

"तुझा कसला? जेवतो माझ्या गावात!"

"पण घोरतो माझ्या गावात!"

ओढाओढीत खाट चौकटीत अशी रुतली की इकडे येईना, तिकडे जाईना. खाट आणि चौकट, दोन्ही सुताराच्याच हातची. कोण मागे हटणार? सुतार मात्र घोरतच होता.

तेवढ्यात मोजणीचे साहेब आले. सुताराचं डोकं वरच्या गावात, पाय खालच्या. साहेबांनी नियमांचं पुस्तक पुढून मागून चाळलं.

"अर्धा माणूस लिहायला रकाना नाही. म्हणजे हा कुणाचाच नाही. दोन्हीकडे चारशे नव्याण्णव. दोन्ही गावं मोडली, आजपासून एकच गाव. दप्तर याच घरात."

"आणि आम्ही, साहेब?" दोघे एकदम म्हणाले.

"हजार भरले तर दोन कारकून, बरोबरीचे. नाहीतर एक वर, एक त्याच्या हाताखाली. गाव एक झालं, आता हा सुतार अख्खा धरा. किती झाले?"

"नऊशे नव्याण्णव," कारकून पुटपुटला. मेहुण्याचंही तोंड उतरलं. साहेब कुणाला वर बसवतील याचा काय भरवसा?

या गोंधळात सुतार जागा झाला आणि अर्थातच जेवायला मागू लागला. सुतारणीने चौघांनाही वाढलं. साहेब दोनदा मागून जेवले आणि उंबऱ्यातल्या रिकाम्या खाटेवर टेकले. "पाचच मिनिटं हं."

तिसऱ्या मिनिटाला वरचं पत्र्याचं छप्पर थरथरू लागलं. सुतार घास हातात धरून कौतुकाने ऐकत राहिला.

दाजींनी मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्याने खिशातून पेन काढून टोपण उघडून दिलं. "लिहा, दाजी. नियम त्यांचाच आहे."

कारकुनाने ठसठशीत अक्षरात लिहिलं: एक हजार.

सुतारणीने साहेबांच्या अंगावर चादर टाकली. "उठवू नका हो," ती हळूच म्हणाली, "जागे झाले की परत मोजतील."