तीस सेकंदांचे तात्या

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. मुरलीतात्यांचा तो व्हिडिओ मी काढला होता.

पण आधी तात्या कोण, ते सांगतो. आमच्या गावात मालिका बघणारे पुष्कळ आहेत. मालिकेआधीची पाटी बघणारे तात्या एकटेच. 'पात्रे काल्पनिक आहेत, कोणाच्याही भावना दुखावण्याचा हेतू नाही.' तात्या ती मोठ्यानं वाचतात आणि मालिका सुरू झाली की उठतात. "पुढं बगन्यासारकं काय नसतंय."

ती पाटी ते कुठंही लावतात. हॉटेलात चहा पाणचट निघाला की आधी हात जोडतात. "मी आता बोलनार हाय त्यातलं दूद काल्पनिक हाय, मालकानं मनाला लावून घेऊ नये." लग्नाच्या पंगतीत व्याह्यांना म्हणाले, "पावनं, वरनात मीठ जास्त झालंय असं माजं म्हननं न्हाई. मला फकस्त लई तहान लागलीय." पोरं मुद्दाम डिवचतात, "तात्या, काकूंवर एखादा होऊ द्या की!"

"ते पात्र खरं हाय," तात्या म्हणतात. "त्येच्यावर बोलायची परवानगी न्हाई."

सगळे हसतात. मी कपातला चहा तसाच ठेवून उठतो. तात्या पहिल्यापासून असे नव्हते.

तिसगावच्या अलीकडं आमचं गाव. दिवाळीनंतर निम्मं गाव ऊसतोडीला जातं. ते परतलं की जत्रा, आणि जत्रेत गावकऱ्यांचंच वगनाट्य. त्यात कित्येक वर्षं सोंगाड्या एकच, तात्या. मी व्हिडिओ काढला त्या वर्षी त्यांनी ऊसतोड्याचं सोंग घेतलं होतं. स्टेजवरच्या देवीपुढं उभं राहून ओरडले, "आंधळी झालीस का गं? सहा म्हैने गाव ओस पडतंय, तुजं ध्यान कुटं हाय?"

मग तात्यांनीच देवीचा आवाज काढला. "आरं येड्या, मी देवळात हायेच कुटं? तुज्यामागं उसाच्या फडात आले. तुजी लेकरं पाचटावर निजत्यात, त्येंच्यापाशी बसते मी."

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मी कौतुकानं व्हिडिओ स्टेटसला टाकला. तेव्हा स्टेटसला तीसच सेकंद बसायचे. देवी बोलायच्या आतच ते संपले. टाकल्यावर मी परत बघितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तालुकाभर झालं, 'देवीला आंधळी म्हणाला.' बाहेरगावची पोरं मोटारसायकलींवरून तात्यांचं घर विचारत आली. मी घाईघाईनं स्टेटस काढून टाकलं; फिरत होता त्या तुकड्यावर माझं नाव नव्हतं. पारावर बैठक बसली. "व्हिडिओ कुनी काढला?" सरपंचांनी विचारलं. पूर्ण व्हिडिओ माझ्या खिशात होता. तो दाखवला असता तर बैठक तिथंच उठली असती; पण काढला कोणी, तेही कळलं असतं. मी गप्प बसलो.

मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, ते माफीनामा लिहून मागायला. शाळामास्तर मीच ना. लिहिला, चांगल्या अक्षरात. तात्यांनी तो मोबाईलपुढं उभं राहून वाचला. 'अनवधानाने' या शब्दाला अडखळले, तेव्हा मागून तो शब्दही मीच पुरवला.

त्यानंतर तात्या स्टेजवर चढले नाहीत. जत्रेत आता ऑर्केस्ट्रा येतो.

परवा धीर करून त्यांच्या शेतात गेलो. कांदा निवडत बसले होते. "तात्या, तो व्हिडिओ..." एवढंच बोललो.

"ठावं हाय की, गुरुजी. म्या तुमच्याकडंच तोंड करून बोलत हुतो. म्हनलं, मास्तर काढत्यात, चेहरा नीट यावा."

"मग बैठकीत बोलला का नाहीत?"

"तुमची नोकरी हुती. माजं काय, सोंगच हुतं." थोडा वेळ कांदे निवडले, मग खाली बघत म्हणाले, "देवी बोलती तेवडं हाय का वो तुमच्याकडं? आवाज बरा लागला हुता त्या दिवशी."

मी लावून दिलं. हात धोतराला पुसून त्यांनी मोबाईल घेतला. तीनदा बघितलं. तिसऱ्यांदा देवीबरोबर त्यांचे ओठही हलत होते. मोबाईल परत देताना म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. पुसू नका मातर."

त्याच पारावर, त्याच माणसांपुढं उभं राहून, व्हिडिओ मी काढला आणि अर्धाच टाकला, हे मला सांगायचं आहे. तेवढं मी तात्यांचं देणं लागतो. इथं लिहिल्यानं ते फिटत नाही.