चौकातला आभाराचा फलक

"या वेळी ऑपरेशन होणार म्हणजे होणारच!" असं जाहीर करून जोजोने बायकोच्या, आराबाच्या, फोटोचा आठ फुटी फलक केप कोस्टच्या चौकात टांगला.

आराबा तेव्हा आपल्या शिवणाच्या दुकानात बाकावर पालथी पडली होती. मणक्यातली चकती सरकून नस दाबली गेली, तेव्हापासून तिचा सगळा संसार पालथाच! गिऱ्हाइकांची मापंसुद्धा बाकावरून, नुसत्या नजरेने. डावा पाय लाकडासारखा झाला होता. आणखी फार लांबलं तर तो कायमचा जाईल, असं डॉक्टर आमिसांनी बजावलं होतं.

लांबत तर होतंच. पहिल्या तारखेला ऑपरेशनच्या खोलीतला एसी बंद पडला. दुसऱ्या तारखेला संप. आता तिसरी, येता सोमवार.

"अहो, आधी ऑपरेशन, मग आभाराची प्रार्थना!"

"सोमवारनंतरच्या शनिवारचं चर्चचं मैदान मिळालंय. देवालाही कळू दे जरा घाई!"

सोमवारीही ऑपरेशन पुढे गेलं. रुग्णालयाचा नियम असा, की घरच्यांनी तीन बाटल्या रक्त जमा करायचं, मगच सुरी उचलायची. जोजोने एक दिली. अनोमाबू गावच्या एकुआ मावशीकडे नऊ धडधाकट माणसं, पण फोन जाताच नवांनाही हिवताप! मावसभाऊ क्वामेना, दाराएवढा गडी, म्हणाला, "ताई, सुई बघितली की भोवळ येते गं मला."

"निदान फलक तरी उतरवा," आराबा म्हणाली.

"राहू दे. मिळेल रक्त आज-उद्या."

राहिला. पण तो छापणारा गृहस्थ वर्षभर मयताचेच फलक छापायचा. सवयीने त्याने आराबाला ढगांत बसवलं, खाली वय घातलं, कडेला कबुतरं सोडली. वर 'शनिवारी चर्चच्या मैदानावर आभाराची प्रार्थना'! केप कोस्टमध्ये मयताच्या शेवटीही तीच असते. बघणाऱ्याला दुसरं काय वाटायचं?

शनिवारी सकाळी दुकानासमोर एक त्रोत्रो, म्हणजे भाड्याची प्रवासी गाडी, थांबली. आतून सुतकाच्या काळ्या-लाल कपड्यांतले सोळा नातलग उतरले. एकुआ मावशीने दारातच टाहो फोडला, "आराबा गं, माझ्या सोन्या! एवढी कसली घाई झाली तुला?"

"घाई? दीड वर्ष थांबलेय मी, मावशी!" बाकावरून आवाज आला.

मावशीची किंकाळी समुद्रापर्यंत गेली. क्वामेनाला सुई न बघताच भोवळ आली.

तो शुद्धीवर येतो न येतो तोच आराबा गरजली, "अहो, दाराला कडी घाला! जिवंतपणी एक बाटली मागितली तर घरभर हिवताप, आणि मेले म्हटल्यावर सोळाच्या सोळा ठणठणीत? चला सगळे रुग्णालयात!"

"अगं, पण या कपड्यांत?" मावशी म्हणाली.

"रक्त काही कपडे बघून येत नाही. बसा गाडीत!"

तीन मावश्यांच्या मांडीवर आराबाला पालथी घातली आणि गाडी निघाली. फाटकावरच्या पहारेकऱ्याने काळे कपडे बघितले आणि डोक्यावरची टोपी काढून शवागाराकडे बोट दाखवलं.

"तिकडे नाही रे बाबा! इतक्यात नाही!" आराबा खिडकीतून ओरडली.

तासाभरात अकरा बाटल्या जमल्या. क्वामेनानेही दिली, डोळे मिटून, मावशीचा हात धरून.

नोंदणीच्या क्वान्सा बाईंनी वही उघडली. आराबाकडे बघितलं, वहीकडे बघितलं. "तुमचं नाव तर मी काल खोडलं. चौकातला फलक बघून."

"मग लिहा की परत!"

"डॉक्टरांची सही लागेल. ते हो म्हणाले तर आजच घेतील. खोली रिकामी आहे, एसी चालू आहे, संप नाही..."

"मग बोलवा ना त्यांना!"

बाई पेनाच्या टोपणाची काढघाल करू लागल्या. "ते सकाळीच गेले. तुमच्या अंत्यविधीला. तीनदा तारीख पुढे गेली ना, फार लागलं त्यांच्या मनाला. भाषण लिहून नेलंय. आता मैदानावर एकटेच बसलेत म्हणे, वाट बघत."

"मी आणतो!" म्हणत जोजो दाराकडे धावला.

आराबाने हात वर केला.

"सावकाश जा हो," ती म्हणाली. "पाच मिनिटं वाट बघत बसू द्या त्यांनाही."