कानेउराचं अधिकृत धुकं

समोर नसलेली वस्तू कुणालाच दिसत नाही. त्यात कौतुक ते काय? समोर उभी असलेली वस्तू न दिसायला मात्र संस्कार लागतात, आणि संस्कारांच्या बाबतीत कानेउरा बंदराचा हात धरणारं गाव सगळ्या जपानात नव्हतं.

त्याचं असं झालं. बड्या राष्ट्रांनी मेजाभोवती बसून लढाऊ जहाजांच्या वाटणीचं प्रमाण ठरवलं होतं: इंग्रजांना पाच, अमेरिकेला पाच, जपानला तीन. (पंगतीत असा वाढपी भेटला की पाहुणा ते जन्मभर विसरत नाही.) पुढे जपाननं तो करार झुगारला आणि नौदलानं हिशेब मांडला, की जहाजं संख्येनं कमी पडणार असतील तर ती आकारानं जास्त असावीत. म्हणून चीनशी लढाई सुरू झाली त्या वर्षी कानेउराच्या गोदीत एक अवाढव्य जहाज बांधायला घेतलं. ते गुप्त होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, या न्यायानं गोदीभोवती काथ्याच्या दोरांचा पडदा टांगण्यात आला. पडदा एवढा मोठा झाला की मागची टेकडीसुद्धा गुप्त झाली. आता पडदा दिसला की लोक विचारणार, मागे काय आहे? तेव्हा पडदाही गुप्त ठरवण्यात आला.

पुढची व्यवस्था चोख होती. बंदराकडच्या खिडक्यांवर फळ्या ठोकल्या. गोदीवरून जाताना मच्छीमारांनी गोदीकडे पाठ करून होडी हाकावी, असा हुकूम निघाला. त्या वर्षी होड्यांच्या टकरी पाचपट वाढल्या. चौकशीअंती सर्वच्या सर्व टकरींना वारा जबाबदार ठरला. (वाऱ्यानं आरोप नाकारला नाही.)

या सगळ्याशी ओतोमात्सु हामाजी याचं काही भांडण नव्हतं. तो ऑक्टोपस धरायचा. ऑक्टोपस धरणं सोपं असतं: लांब दोराला मडकी बांधायची, समुद्राच्या तळाशी सोडायची. ऑक्टोपसला वाटतं घर मिळालं. तो आत जाऊन बसतो. मग दोर ओढायचा. कासवखडकापलीकडची मडकी टाकायची जागा ओतोमात्सुकडे आजोबांपासून चालत आलेली होती. पण गावाचा रिवाज दगडावरची रेघ होता: ज्या जागेत अख्खा उन्हाळा मडकी पडली नाहीत, ती चिठ्ठ्या टाकून दुसऱ्याला द्यायची. ओतोमात्सुकडे मडकी होती. दोर नव्हता. बाजारातला सगळा काथ्या संपला होता.

तो मच्छीमार संघाच्या कचेरीत गेला. चिटणीस उमेमोतो म्हणाले, "काथ्याची झाडंच यंदा रुसली हो, ओतोमात्सु-सान."

"झाडं रुसली? मग तो समोर एवढा लटकतोय, तो काय माझ्या सासऱ्यानं टांगलाय?"

कोपऱ्यात पोलीस निरीक्षक मुतोबे चहा पीत बसले होते. त्यांनी पेला अलगद खाली ठेवला. फार सभ्य माणूस. कुणाला अटक करायची झाली तरी आधी वाकून नमस्कार करी.

"काय लटकताना दिसलं तुम्हाला?"

पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, एवढी अक्कल कोळ्याला असतेच. ओतोमात्सु म्हणाला, "धुकं."

"भर दुपारी? या उन्हात?"

"हो साहेब. जरा तपकिरी आहे."

मुतोबे मनापासून खूश झाले. इतके दिवस लोक 'काही दिसत नाही' म्हणत, पण काही नसण्याचं कारण आजवर कुणी दिलं नव्हतं. त्यांनी ते वर कळवलं, वरच्यांनी त्याच्याही वर, आणि आठवड्याभरात कानेउरावर धुकं असल्याचं जाहीर झालं. त्या धुक्यात वाळत घातलेले मासे दुपारपर्यंत कडकडीत वाळत.

इथवर सगळं सुरळीत होतं. पण बंदराचा एक जुना आणि अत्यंत शहाणा नियम होता: धुकं असेल तोवर मासेमारीच्या होड्या सोडू नयेत. नियम माणसांचे जीव वाचवण्यासाठी असल्यानं तो मोडणं कुणाला शक्य नव्हतं. गावातल्या साऱ्या होड्या किनाऱ्यावर ओढल्या गेल्या. घराघरात भात आणि मुळ्याचं लोणचं, मुळ्याचं लोणचं आणि भात.

"अहो, कधीची म्हणते मी, तोंडाला कुलूप लावा," ओतोमात्सुची बायको शिगे म्हणाली. "धुकं म्हणे! पाऊस म्हणाला असतात तर निदान थांबला तरी असता."

उन्हाळा सरत आला तेव्हा गाव सार्वजनिक न्हाणीघरात जमलं. गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसलं की कानेउराचा माणूस फार धीट होतो. शेजारचा क्यूबेई म्हणाला, "उद्या संघाची सभा आहे. सगळ्यांनी एकदम हात वर करायचे. धुकं नाही म्हणायचं. सगळ्या गावाला आत टाकतील होय? ठाण्यात तेवढ्या चटया तरी आहेत का?"

सगळे हसले. ओतोमात्सुही हसला. पुष्कळ दिवसांनी त्याला बरं वाटलं.

सभेला मुतोबे स्वतः आले. त्यांनी सर्वांना नमस्कार केला, समुद्रदेवतेचं स्मरण केलं आणि म्हणाले, "ज्यांच्या मते बंदरावर धुकं नाही, त्यांनी कृपया हात वर करावेत. इथे मोकळेपणानं बोलायचं आहे."

ओतोमात्सुनं हात वर केला. मग त्यानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. सगळं गाव चटईची वीण तपासत होतं. क्यूबेई तर इतका खाली वाकला होता की त्याचं नाक चटईला टेकलं. हात खाली घ्यावा असं त्याला वाटलं, अगदी खरं सांगायचं तर फार वाटलं. पण एकदा वर गेलेला हात सगळ्यांदेखत खाली आणायची त्याची त्यालाच लाज वाटली.

"मग काय आहे तिथं, ओतोमात्सु-सान?" मुतोबेंनी हळुवारपणे विचारलं.

"काथ्या," तो म्हणाला. "माझी मडकी बांधायचा काथ्या."

त्याला ठाण्यात नेण्यात आलं. सरकारी डॉक्टरांनी डोळे तपासले आणि या वयाला शोभत नाही इतकी नजर तीक्ष्ण असल्याचा निष्कर्ष काढला. थंडी पडेपर्यंत त्याला तिथेच विश्रांती देण्यात आली. तो परतला तेव्हा कासवखडकापलीकडची जागा चिठ्ठ्या टाकून क्यूबेईला मिळालेली होती. (दोर क्यूबेईकडेही नव्हता. पण जागा नियमानुसार मिळाली होती.) आजोबांची जागा आपल्या हातून गेली, हे ओतोमात्सुला कुणाला सांगावं ते कळेना, तो नुसता मडकी पुसत बसला.

त्याच संध्याकाळी मागच्या दारावर टकटक झाली. क्यूबेई होता, हातात मुळ्याच्या लोणच्याची वाटी. "मी हात वर करणारच होतो रे. खांदा धरला होता नेमका." दुसऱ्या दिवशी चिटणीस उमेमोतो आले, त्यांना सभेत प्रश्नच नीट ऐकू आला नव्हता. मग आणखी एक आला; तो हात वर करणार तोच शिंक आली होती. एकेक करून सगळं गाव येऊन गेलं. प्रत्येकाचा हात अगदी वर येता येता राहिला होता. शिगेनं सगळ्यांना चहा दिला आणि सगळ्यांचं लोणचं ठेवून घेतलं.

वाचकहो, आपण त्या सभेला असता तर आपण हात नक्कीच वर केला असता, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. ओतोमात्सुला ते अवश्य येऊन सांगा. फक्त मागच्या दारानं या. पुढून आलात तर कुणीतरी पाहील.